जेव्हा मी जात चोरली होती

जेव्हा मी जात चोरली होती : बाबूराव बागूल (१७ जुलै १९३०–२६ मार्च २००८) यांची मराठी कथा, तसेच ती ज्यात समाविष्ट आहे तो त्यांचा पहिला कथासंग्रह (१९६३). संग्रहातील ‘विद्रोह’, ‘काळोखाचे कैदी’, ‘दसऱ्याचा रेडा’ यांसारख्या कथाही प्रक्षोभक आहेत. परंतु शीर्षककथेने मराठी वाचकाला जितके अस्वस्थ केले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या कथेने केले असेल. सहा दशकांत कथेची संहिता बदलली नाही. तिच्याविषयीची मते मात्र इतकी बदलत गेली, की पुष्कळदा ती एकाच कथेविषयी आहेत असे वाटू नये. त्यामुळे समीक्षकाचा काळ त्याच्या निर्णयात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी मराठीत याहून उपयुक्त उदाहरण मिळणे कठीण आहे.

बागूल यांचा जन्म नासिकजवळील विहितगावचा. त्यांचे बालपण व तारुण्य मुंबईतील माटुंगा लेबर कँप या कामगारवस्तीत गेले. पुढे रेल्वेतील नोकरीनिमित्त त्यांना सुरतेकडे जावे लागले व तेथे राहावयास जागा मिळावी म्हणून जात लपविण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. कथेचे बीज या अनुभवात आहे. कथेचा निवेदक सुरतेनजीकच्या उधना स्थानकात नोकरीवर रुजू होतो. तो तरुण आहे, कवी आहे, आणि स्वतंत्र भारताच्या भवितव्याविषयीच्या स्वप्नांनी भारलेला आहे. त्याला जात विचारली जाते तेव्हा तो या प्रश्नावरच संतापतो. त्याच्या तेजस्वी बोलण्याने विचारणाराच ओशाळतो, आणि प्रश्न अनुत्तरित राहतो. त्याचे जात चोरणे ते एवढेच. रामचरण तिवारीसारखा सहकारी त्याला कवी म्हणून मान देतो, घरी नेतो. दुसरीकडे काशिनाथ हा त्याच्याच समाजातील कामगार जात उघडपणे सांगतो, अपमान सोसत नाही व त्याची किंमत मोजतो. शेवटी निवेदकाची जात कळते. कालपर्यंत कौतुक करणारे त्याला बेदम मारतात, आणि काशिनाथ चाकू घेऊन धावून येतो म्हणून तो वाचतो. आपल्याला त्या माणसांनी कुठे मारले, मारले ते मनूने, अशा आशयाच्या त्याच्या उत्तराने कथा संपते.

शीर्षकातील ‘चोरणे’ या क्रियापदाकडे समीक्षकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. मराठीत अंग चोरतात, नजर चोरतात, काम चोरतात. या सर्व प्रयोगांत चोरलेली वस्तू परक्याची नसून स्वतःची असते. आपल्यापाशी असलेले काहीतरी माणूस आखडून धरतो, पुढे येऊ देत नाही. ‘जात चोरणे’ या वाक्प्रयोगाला ही छटा आहेच. त्याचबरोबर चोरीचा दुसरा, दंडसंहितेतला अर्थही येथे सुटत नाही. स्वतःचीच गोष्ट न सांगणाऱ्या माणसाला समाज चोर ठरवतो आणि चोरास देतात ती शिक्षा देतो. निवेदकाने शीर्षकात जणू आपला कबुलीजबाबच लिहिला आहे. कथेतील सर्व अंतर्विरोध या एका शब्दात साठविलेला आहे. आणि तो ज्याला ऐकू येतो त्याला ही कथा केवळ आक्रोशाची कथा वाटणार नाही.

कथासंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा मराठी वाचक अस्वस्थ करणाऱ्या कथेला अपरिचित होता, असे नव्हे. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने त्याला रंजनपर कथेच्या गोड शेवटांपासून दूर नेले होते. गाडगिळांच्या ‘किडलेली माणसे’ या कथेचे नावच पुरेसे बोलके आहे. परंतु नवकथेतील अस्वस्थता बव्हंशी मनाच्या आतली होती. माणसाच्या कोतेपणाचे, विकारांचे, एकाकीपणाचे दर्शन ती घडवी. या दर्शनाने वाचक खिन्न होई, क्वचित शरमे, पण तो आरोपी ठरत नसे. माणूस असाच आहे, असे म्हणून त्याला पुस्तक मिटता येई. बागुलांच्या कथेने ही सोय ठेवली नाही. तिच्यातील क्रौर्य मनुष्यस्वभावाचे म्हणून सांगितलेले नाही. त्याला नाव आहे, त्याचा ग्रंथ आहे, आणि तो ग्रंथ अनेक वाचकांच्या घरी पूज्य मानला गेला होता.

त्या काळच्या समीक्षेची परिभाषाही लक्षात घेतली पाहिजे. बा. सी. मर्ढेकर यांच्या सौंदर्य आणि साहित्य (१९५५) या ग्रंथाचा प्रभाव तेव्हा ताजा होता. संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या कसोटीवर कलाकृती पारखावी, तिच्याबाहेरील प्रयोजनांना मूल्यनिर्णयात स्थान देऊ नये, ही भूमिका प्रतिष्ठित झाली होती. मर्ढेकरांच्या विचाराने मराठी समीक्षेला बोधवादाच्या जोखडातून सोडविले, हे त्याचे मोठेच ऋण आहे. तथापि संयम, सूचकता, अलिप्तता या गुणांना पुढे जे सार्वकालिक कलामूल्याचे रूप आले, ते एका विशिष्ट वाचकवर्गाच्या अभिरुचीचे रूप होते, ही गोष्ट त्या वेळी ध्यानात आली नाही. बागूल यांची वाक्ये दीर्घ, उपमांनी लगडलेली, आवेगाने पुढे धावणारी आहेत. पात्रे एकमेकांशी बोलताना भाषणे केल्यासारखी बोलतात. भडकपणा, भावविवशता, प्रचारकीपणा, अतिरंजितता हे आक्षेप दलित कथेवर दीर्घकाळ वारंवार घेतले गेले. त्यांतले काही अगदीच निराधार नव्हते. बागुलांच्या काही कथांत प्रसंगांची रास फार उंच होते आणि वाचक दमतो. प्रस्तुत कथेत मात्र निवेदकाचे भाषणबाज होणे हा दोष म्हणता येत नाही. जातीच्या प्रश्नाला टाळण्यासाठी त्याच्यापाशी वक्तृत्वाखेरीज दुसरे आश्रयस्थानच नाही. तो मोठ्याने बोलतो, कारण त्याला साधे उत्तर देता येत नाही.

अतिरंजिततेच्या आक्षेपामागे आणखी एक ऐतिहासिक कारण होते. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केल्याला १९६३ साली तेरा वर्षे झाली होती. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ मध्ये संमत झाला होता. महाराष्ट्र राज्य नुकतेच स्थापन झाले होते. धरणे, कारखाने, पंचायत राज्य यांच्या वार्ता रोज येत होत्या. सुशिक्षित वाचकाची प्रामाणिक समजूत अशी होती, की जातिभेद हा सरत चाललेला विषय आहे, आणि जे काही उरले आहे ते शिक्षणाने व उद्योगीकरणाने आपोआप जाईल. ही समजूत घेऊन कथा वाचणाऱ्याला तिच्यातील मारहाण खोटी किंवा निदान कालबाह्य वाटणे स्वाभाविक होते. गंमत अशी की, हीच समजूत कथेच्या निवेदकाचीही आहे. आरंभी तो त्या काळच्या आशावादी वाचकासारखाच बोलतो, आणि शेवटी मार त्याच्या या आशावादाला बसतो. कथेला अतिरंजित म्हणणारा वाचक एका परीने कथेच्या पहिल्या निम्म्या भागातच थांबला होता.

परंतु १९६३ मध्ये या कथेचा वाचकवर्ग एकच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाणाला उणीपुरी सात वर्षे झाली होती, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर केलेल्या समाजातील पहिली शिक्षित पिढी वाचू-लिहू लागली होती. १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरून अण्णाभाऊ साठे यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. या वाचकाला कथेच्या शेवटी येणारा मनूचा उल्लेख अलंकारिक वाटला नसणार. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे झालेले मनुस्मृतीचे दहन त्याच्या कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या आठवणींचा भाग होते. तसेच, आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत असताना पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रामगृहात राहिले व ओळख उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावले, ही हकीकतही त्यांच्या चरित्रांमुळे परिचित होती. बडोद्यापासून उधना दूर नाही. चाळीस वर्षांच्या अंतराने, त्याच प्रदेशात, निवाऱ्याच्या त्याच गरजेपोटी तेच घडते, हे ज्याला जाणवले त्याच्या दृष्टीने कथेत अतिरंजन नव्हते, पुनरावृत्ती होती. आंबेडकरांचे स्वतःचे या प्रसंगाचे कथन असलेले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे टिपण पुस्तिकारूपाने १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या अभ्यासकाला दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचता येतात. आंबेडकरांचे कथन थंड, जवळजवळ हिशेबी आहे. बागुलांचे पेटलेले आहे. एकाच प्रकारच्या अनुभवाला दोन भिन्न लेखनप्रकृती कशा सामोऱ्या जातात, हे त्यातून स्पष्ट होते.

कथेच्या समीक्षेला १९७० च्या सुमारास निर्णायक वळण लागले. मरण स्वस्त होत आहे (१९६९) हा बागुलांचा दुसरा संग्रह आला. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांच्या संपादकत्वाखाली अस्मितादर्श निघू लागले. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा गोलपिठा प्रसिद्ध झाला. आता जे आक्षेप होते तेच गुण ठरले. भडकपणा हा विद्रोह झाला, प्रचार ही बांधिलकी झाली, आणि अतिरंजित म्हटलेली कथा सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचली जाऊ लागली. काहींनी या संग्रहाला दलितांचे महाकाव्य म्हटले. हे परिवर्तन न्याय्य होते, कारण त्याने कथेला तिचा खरा वाचक मिळवून दिला. तरीही या वाचनाने कथेतील एक कोपरा अंधारात ठेवला, असे म्हणावेसे वाटते. चळवळीला काशिनाथ हवा होता. चाकू घेऊन उभा राहणारा, जात न लपविणारा काशिनाथ हाच कथेचा नायक मानण्याकडे कल झाला. पण कथा काशिनाथाने सांगितलेली नाही. ती ज्याला भीती वाटली, ज्याला खोली हवी होती, ज्याला रामचरणच्या घरातले प्रेम खरे वाटले, त्याने सांगितली आहे. मार खाताना त्याला जी लाज वाटते तिच्यात अपमानाबरोबर स्वतःच्या चोरीचीही लाज आहे. ही गुंतागुंत घोषणेत मावत नाही, आणि दस्तऐवजातही मावत नाही.

या दोन टोकांमध्ये एक मार्ग शोधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न विदर्भातून झाला. नागपूर येथे अध्यापन करणारे कवी व समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य (१९७८) या ग्रंथात साहित्याचे मूल्य ‘मानुषते’त शोधले. साहित्यकृतीबाहेरून लादलेली बांधिलकी नव्हे, आणि मानवी आशय वजा केलेली निव्वळ लयही नव्हे, तर कृतीतून प्रकट होणारी माणूसपणाची जाणीव, असा हा विचार आहे. तो प्रस्तुत कथेला लावून पाहिला असता तिचे सर्वांत अस्वस्थ करणारे स्थळ मारहाणीत नसून तिच्यापूर्वीच्या आदरसत्कारात आहे, हे लक्षात येते. मारणारी माणसे दुष्ट म्हणून रंगविलेली नाहीत. ती प्रेमळ आहेत, रसिक आहेत. आणि एका माहितीने त्यांचे प्रेम क्षणात उलटते. दुष्टांनी केलेला छळ वाचकाला सहन होतो. सज्जनांनी केलेल्या छळाचे काय करावे, हे त्याला समजत नाही. पुढे शरणकुमार लिंबाळे यांच्या दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र (१९९६) या पुस्तकात प्रस्थापित सौंदर्यविचाराचे निकष दलित साहित्याला पुरे पडत नाहीत, ही भूमिका मांडली गेली [⟶ दलित साहित्य].

याच सुमारास मराठीत ‘वाईट’ ठरलेल्या कथांचे दुसरे प्रकरण न्यायालयात चालू होते. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी निर्दोष ठरविलेल्या लेखकास उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. समकालीन समाजाच्या कसोट्या झपाट्याने बदलत आहेत, ही गोष्ट त्या निर्णयात विचारात घेतली गेली. भाऊ पाध्ये यांच्या वासूनाका (१९६५) या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी केलेली प्रखर टीकाही याच काळातील होय. या प्रकरणांचा उल्लेख अशासाठी, की १९६० नंतरच्या दशकात मराठी समाजाची सार्वजनिक अस्वस्थता प्रामुख्याने कामविषयक वर्णनाभोवती केंद्रित झाली होती. एका होतकरू तरुणाला जातीसाठी झोडपल्याची कथा कोणी न्यायालयात नेली नाही. समाज कशाने दुखावतो याइतकेच, तो कशाने दुखावत नाही हेही त्या काळाविषयी बरेच सांगून जाते.

कथेतील स्थळाचा विचार केल्याशिवाय तिचा ऐतिहासिक अर्थ पुरा होत नाही. जात चोरता येते ती जेथे माणूस अनोळखी असतो तेथेच. रेल्वे, गिरणी, छावणी, शहर या आधुनिक संस्थांनी अशी जागा प्रथम निर्माण केली. वऱ्हाडातील वाशीमसारख्या भागाचा विचार केला, तर अकोला–पूर्णा लोहमार्गावर बदलीने आलेल्या अपरिचित नोकराला ही चोरी करता येईल. पण त्याच परिसरातील खेड्यात जन्मलेल्याला ती शक्य नाही. तेथे घर गावाच्या कोणत्या दिशेला आहे, पाणी कोठून भरतात, एवढ्यावरून सर्व कळते; कोणी विचारतही नाही. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर (जैन) येथील नामदेव कांबळे यांनी राघववेळ या कादंबरीत हे खेड्यातले जग उभे केले. दलित स्त्रीच्या कष्टमय जगण्यावरील या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बागुलांच्या पहिल्या संग्रहाला जे वातावरण लाभले त्याहून ते किती निराळे होते! तीन दशकांत दलित लेखन राष्ट्रीय सन्मानापर्यंत पोहोचले होते, आणि वाचकालाही त्यातील दुःख अविश्वसनीय वाटेनासे झाले होते. परंतु या स्वीकारात एक धोकाही असतो. दुःख ओळखीचे झाले, की ते वाचण्याची एक रीत ठरून जाते, आणि मग वाचक हळहळतो, पण दचकत नाही. बागुलांची कथा आज अभ्यासक्रमातून वाचणाऱ्याला ही अडचण जाणवते.

अस्वस्थ करणाऱ्या कथेचे जागतिक वाङ्मयातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द लॉटरी’ (१९४८) ही कथा. एका शांत गावात दरवर्षी चिठ्ठ्या टाकून एका व्यक्तीला दगडांनी मारण्यात येते, असे तिचे कथानक आहे. द न्यूयॉर्कर या साप्ताहिकात ती प्रसिद्ध होताच वाचकांची तीनशेहून अधिक पत्रे आली. त्यांत संताप होता, गोंधळ होता, आणि असा विधी नेमका कोठे चालतो, अशी पृच्छाही होती. महायुद्ध नुकतेच संपले होते व सामान्य माणसे सामूहिक हत्येत कशी सहभागी होतात, हा प्रश्न हवेत होता. तुलनेसाठी एक भेद ध्यानात घ्यावा. अमेरिकन वाचकाने काल्पनिक गावाचा खरा पत्ता मागितला. मराठी वाचकाला खरा पत्ता दिलेला होता, स्थानकाच्या नावासह. त्याने तो काल्पनिक मानण्याची खटपट केली.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये उसळलेली दंगल आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची झालेली हत्या यांनंतर अतिरंजिततेचा आक्षेप पुन्हा घेणे अवघड झाले. अलीकडच्या समीक्षेचे लक्ष म्हणून इतरत्र वळलेले दिसते : निवेदकाच्या दुभंग जाणिवेकडे, शहरी आधुनिकतेच्या फसव्या आश्वासनाकडे, आणि ‘वाटेवरची’सारख्या कथांतून दिसणाऱ्या स्त्रियांच्या स्थानाकडे. संग्रहाचा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या कथेला नवा वाचक मिळाला. इंग्रजी शीर्षकात ‘चोरणे’ जाऊन ‘लपविणे’ आले आहे. दुसरा इलाजही नव्हता. या नव्या वाचकाला कथा अमेरिकेतील कृष्णवर्णीय वाङ्मयाच्या शेजारी दिसते, विशेषतः नेला लार्सन यांच्या पासिंग (१९२९) या कादंबरीच्या, जिच्यात गौरवर्णीय म्हणून खपू शकणारी स्त्री आपला वंश लपविते. अमेरिकेत उच्चशिक्षण घेऊन आलेले म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीय वाङ्मयाशी दलित साहित्याचे नाते फार पूर्वीच जोडून दाखविले होते. तुलना उद्बोधक असली, तरी ती एका ठिकाणी अडखळते. लार्सन यांची नायिका वर्णाच्या बळावर पलीकडे जाते. बागुलांच्या निवेदकापाशी चेहऱ्याचे असे काही भांडवल नाही, आणि त्याची त्याला गरजही पडत नाही. त्याचा चेहरा, भाषा, कविता यांत कोणालाही काही वेगळे आढळलेले नसते. मार बसतो तो केवळ ऐकीव माहितीला, आणि रक्ताळलेला निवेदक ज्याच्या आधाराने तेथून निघतो, तो त्याच्यासारखे काहीच न चोरलेला काशिनाथ असतो.